शिंग आहे तसंच

गंगावेशीच्या कट्ट्यावर रात्री नवाला
आमच्या म्हशी उभ्या राहायच्या.
गिऱ्हाईक पेला धरून, अण्णा उकिडवे,
धार पेल्यात, फेस मिशीवर.
मी पेंडीच्या पोत्यावर बसून
चुलीतल्या कोळशानं भिंत काळी करायचे.

पहिल्या म्हशीला पाच पाय काढले.
आई म्हणाली, पाचवा कशाला गं?
म्हटलं, ती चालतीय.

पाडव्याला शिंगं रंगवायचं काम माझं.
हिंगूळ, पिवळा, वर बेगड, गळ्यात कवड्या.
राजी मान खाली घालून थांबायची,
ब्रश कानाला लागला की कान झाडायची,
माझ्या फ्रॉकवर ठिपके.
आईनं ते कधी काढले नाहीत,
निघालेच नाहीत म्हणते.

पापाच्या तिकटीच्या बोळात
शौकतचाचांचं दुकान, तीन पत्र्यांचं.
किटल्यांवर नावं घालायचे मी, दोन रुपयाला एक.
चाचा म्हणायचे, अक्षराला पोट असतं, ते आधी भर.
एकदा डेअरीवाल्याला पाटी हवी होती:
हिरवा डोंगर, गळ्यात घंटा, गोरी परदेशी गाय.
दूध म्हशीचं, मी म्हटलं.
तो म्हणाला, गिऱ्हाइकाला बरं दिसतंय.
मी डोंगराआड एक म्हैस काढली, नखाएवढी.
चाचांनी चष्मा वर करून पाहिलं,
पाटी गाडीवर चढवली, काही बोलले नाहीत.
त्या दिवशी पाच रुपये जास्त मिळाले.

मग आर्ट स्कूल. प्लास्टरचा पाय, प्लास्टरचं नाक,
महिनाभर एकच सुरई.
सरांनी माझी काळ्याची ट्यूब कचऱ्यात टाकली.
काळा विकत घ्यायचा नसतो, म्हणाले.
मी रडले, मग पंचगंगेवर गेले.
घाटावर कुणाच्या तरी म्हशी पाण्यातून निघत होत्या,
पाठीवर निळं, पोटाखाली तांबडं,
नाकपुडीशी जांभळं, कानाच्या आत गुलाबी.
सगळ्या म्हशीत काळा म्हणून
फक्त एक खूर होता.

तेवढ्यात अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं.
राजी गडहिंग्लजच्या बाजारात गेली.
टेम्पोत चढताना तिनं मागं पाहिलं नाही.
मी मागच्या चाकाकडं बघत बसले.
नंतर घरभर शोधलं, तिचं एकही चित्र नव्हतं.
इतकी वर्षं मी तिच्यावरच काढत होते.

आता लोक मोबाईल घेऊन येतात.
गेलेला कुत्रा, शर्यतीचा खिलार,
मांजर, ज्याच्या फोटोत नुसतं शेपूट.
मी विचारते, खाताना कसा बसायचा?
कुणाच्या हाकेला यायचा?
माणसं सांगतात, सांगता सांगता
फोन उलटा ठेवतात.

परवा वडणग्याहून बाळगोंडा आले, सोबत सुशव्वा.
म्हैस वारली होती, दहा वेतांची.
फोटो हललेला, अर्ध्यात कुणाचा तरी अंगठा.
बाळगोंडा म्हणाले, डावं शिंग वाकडं हाय,
तेवढं सरळ करा, बैठकीत लावायचंय.
सुशव्वा इतका वेळ गप्प होत्या.
त्या म्हणाल्या, नको.
त्याच शिंगानं ती गोठ्याची कडी काढायची.
पहाटे चारला कडी वाजली
की मला कळायचं, उठली.

शिंग मी आहे तसंच ठेवलं.
मागं दार काढलं, कडी निघालेली,
फटीतून थोडा उजेड.

चित्र न्यायला आल्या तेव्हा ते पुरतं वाळलं नव्हतं.
हात लावू नका म्हणेपर्यंत
सुशव्वांनी नाकपुडी चोळली,
रोज चोळत असाव्यात तशी, अंगठ्यानं.
जांभळं जरा पसरलं.
बाळगोंडा ओरडले. मी ब्रश उचलला
आणि परत पाण्यात ठेवला.

कॅनव्हास टेम्पोत चढवताना
मी या खेपेला चाकाकडं बघितलं नाही.